अध्यक्षांचे मोजमाप निधीपलीकडेही

महोदय,

विद्यापीठाच्या अध्यक्षांचे नेतृत्व प्रामुख्याने निधिसंकलन आणि क्रमवारी यांवरून जोखणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. हा निकष मला अपुरा वाटतो. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या अध्यक्षपदी २००१ मध्ये आलेल्या रूथ सिमन्स या आयव्ही लीगमधील (अमेरिकेतील आठ नामवंत खासगी विद्यापीठांच्या गटातील) पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांनी निधीही मोठा उभारला. परंतु २००३ मध्ये आपल्याच विद्यापीठाचे गुलामांच्या व्यापाराशी असलेले जुने संबंध तपासण्यासाठी त्यांनी समिती नेमली आणि संस्थापकांचाही त्या व्यापाराशी संबंध दाखवणारे तिचे निष्कर्ष २००६ मध्ये जाहीरही झाले. ज्या संस्थेसाठी देणग्या मागायच्या, तिचाच इतिहास असा उघड करायला विलक्षण धैर्य लागते. अध्यक्षांच्या अशा निर्णयांची दखल घेणारा लेखही आपण प्रसिद्ध करावा, ही विनंती.

– एक वाचक