सूचना: बाहेरच्या ड्राइव्हवर फाइल कॉपी करताना परवानगी मागितली तर

सर्व सभासदांना नमस्कार.

एक्स्टर्नल ड्राइव्हवर फाइल टाकताना विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागते, 'कंटिन्यू' दाबूनही पुन्हा अडवते, अशी तक्रार बऱ्याच जणांकडून आली आहे. कृपया घाईने ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. त्यावरचा सगळा डेटा जाईल, आणि दोष बहुतेक वेळा ड्राइव्हचा नसतोच.

एनटीएफएस (फाइली साठवण्याची विंडोजची नेहमीची पद्धत) असलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक फोल्डरचा मालक कोण, याची नोंद असते. जुन्या कॉम्प्युटरवर केलेल्या फोल्डरवर तिथल्याच खात्याची नोंद राहते. नवा कॉम्प्युटर त्या खात्याला ओळखत नाही. खात्याचे नाव सारखे असले तरीही नाही, कारण आतला ओळख क्रमांक वेगळा असतो.

आधी ड्राइव्हवर एक नवा फोल्डर करून त्यात कॉपी करून पाहा. पुष्कळदा एवढ्यावर भागते. नाहीतर अडलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असे जा. वर 'ओनर' दिसेल. नावाऐवजी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारी आकड्यांची लांब ओळ दिसली, की समजा जुन्याच खात्याची मालकी आहे. 'चेंज' दाबून आपले खाते द्या, खालच्या सबफोल्डरांसाठीची खूण करा, मग परत 'सिक्युरिटी'त येऊन 'एडिट'मधून आपल्या खात्याला फुल कंट्रोल (सगळे अधिकार) द्या. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर खाते लागेल.

हा बदल सी ड्राइव्हवर मात्र चुकूनही करू नका. ऑफिसच्या ड्राइव्हसाठी आधी तिथल्या आयटी विभागाला विचारा.

नवा, रिकामा ड्राइव्ह अनेक कॉम्प्युटरांवर फिरवायचा असेल तर तो फॉरमॅट करताना एक्सफॅट ही फाइली साठवण्याची दुसरी पद्धत निवडा. त्यात मालकीची नोंदच नसते.