डिझेलवरच्या कृषी उपकराचा हिशेब आम्हाला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेरणीच्या तोंडावर पुतण्याबरोबर ट्रॅक्टरचे डिझेल आणायला पंपावर गेलो होतो. हातात पडलेल्या पावतीवर लिटर आणि रुपये एवढेच. त्यात केंद्राचा कर किती आणि तो कशाच्या नावाने घेतला, याचा एक शब्दही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मुलांना हिशेब शिकवला, म्हणून घरी येऊन वही घेऊन बसलो.

मे २०२२ मधल्या कपातीनंतर डिझेलवर लिटरमागे केंद्राचे उत्पादन शुल्क १५ रुपये ८० पैसे उरले होते. त्यातले मूळ शुल्क फक्त १ रुपया ८० पैसे. बाकीचे १४ रुपये उपकर, म्हणजे ठरावीक कामाच्या नावाने घेतलेला जादा कर, आणि विशेष अतिरिक्त शुल्क या अधिभाराचे. राज्यघटनेच्या २७० व्या कलमाप्रमाणे उपकर आणि अधिभार राज्यांना वाटून द्यावे लागत नाहीत. म्हणजे वाटणी होत होती ती १ रुपया ८० पैशांचीच. पंधराव्या वित्त आयोगाने सगळ्या राज्यांना मिळून ४१ टक्के ठरवले होते, ते होतात सुमारे ७४ पैसे. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. केजच्या पंपावर भरलेल्या १५ रुपये ८० पैशांतून आपल्या राज्याला या वाटणीत पाच पैसेसुद्धा येत नव्हते. हा आकडा मी तीनदा तपासला.

उपकराला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. मी दुष्काळातला मुलगा आहे. १९७२ साली वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते आणि आम्ही भावंडे सुकडीसाठी रांगेत उभी राहत होतो. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीने त्या वर्षांत मराठवाड्यातली किती घरे तगवली, ते आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. त्या हमीसाठी पैसा उभा राहावा म्हणूनच राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. जेवढी वसुली होईल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची, असे ठरले होते. पुढे मी नोकरीला लागलो आणि पगारातून तो कर कापला जाऊ लागला, तेव्हा मला कधी वाईट वाटले नाही. वडिलांच्या मस्टरवरचा पैसा कुणीतरी असाच भरला होता. राज्याने त्या निधीचा हिशेब नेहमीच चोख ठेवला, असे माझे म्हणणे नाही. पण हा कर कशासाठी आहे, ते कापणाऱ्यालाही माहीत होते आणि ज्याचा कापला जाई त्यालाही.

दुसरे उदाहरण केंद्राचेच आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तिचा मोठा आधार डिझेलवरचा उपकर होता. आमच्या वस्तीचा डांबरी रस्ता त्याच योजनेतला. बाळंतपणाची बाई पूर्वी बैलगाडीतून चिखल तुडवत न्यावी लागे, आता दारात गाडी येते. त्या रस्त्याच्या कडेला फलक आहे, त्यावर लांबी, खर्च, ठेकेदार सगळे लिहिलेले आहे. वाचता येणारा कुणीही ते वाचू शकतो.

मग २०२१ च्या अर्थसंकल्पात आलेल्या कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकराचा असा फलक कुठे आहे? डिझेलवर तो लिटरमागे ४ रुपये लागला. नांगरणी, पेरणी, मळणी, माल मोंढ्यावर नेणे या सगळ्याला डिझेल लागते. शेतीच्या नावाचा हा कर शेतकरीही भरतो आहे. त्यातून आमच्या भागात गोदाम झाले की शीतगृह, हे तलाठ्याला विचारले, बाजार समितीत विचारले. कुणालाच सांगता आले नाही.

ही शंका माझ्या एकट्याची नाही. २०१८-१९ च्या केंद्रीय हिशेबांवरच्या अहवालात कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, नोंदवले आहे की ३५ उपकर आणि तत्सम आकारण्यांतून सुमारे २ लाख ७५ हजार कोटी रुपये जमा झाले आणि त्यांच्यासाठीच्या राखीव निधींत त्यातले सुमारे १ लाख ६४ हजार कोटीच वळते झाले. उरलेले एकत्रित निधीत, म्हणजे केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीतच, राहिले. पैसे चोरीला गेले, असा याचा अर्थ नाही. ते कुठल्या ना कुठल्या सरकारी कामावर खर्च झालेही असतील. पण ज्या नावाने घेतले त्याच कामावर गेले की नाही, हे मग कोण सांगणार? अमुक कामासाठी म्हणून ग्रामस्थांकडून वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळालासुद्धा त्याच कामाचा जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा लागतो.

‘करदात्यांचा पैसा’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर प्राप्तिकर भरणारे येतात. आमच्याकडे कापूस वेचायला येणारी बाई प्राप्तिकर भरत नाही, पण ती ज्या टमटममधून शेतावर येते त्या टमटमच्या डिझेलवरचा उपकर तिच्या भाड्यातूनच वसूल होतो. तिलाही हिशेब मिळाला पाहिजे, आणि तो मराठीत मिळाला पाहिजे.

मराठवाड्यातून लोकसभेवर आठ खासदार जातात. त्यांच्यापैकी कुणीही, कुठल्याही पक्षाचा असो, येत्या अधिवेशनात एवढाच प्रश्न विचारावा: २०२१ पासून डिझेलवरच्या कृषी उपकरातून दरवर्षी किती रक्कम जमा झाली आणि आमच्या आठ जिल्ह्यांत त्यातून कोणते काम झाले? लेखी उत्तर आले की आपण ते छापावे. आमच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवायची जबाबदारी मी घेतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. केज, जि. बीड