नवजात बाळांच्या पालकांचे वर्ग आणि त्यांचे मोजमाप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील अनेक प्रसूती रुग्णालयांत आता गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी आईवडिलांसाठी वर्ग घेतले जातात. स्तनपान, नाळेची निगा, कावीळ, लसीकरण, बाळाचे रडणे आणि झोप असे विषय त्यात असतात, आणि पूर्वी डिस्चार्जच्या गडबडीत दोन मिनिटांत उरकल्या जाणाऱ्या सूचनांपेक्षा हे निश्चितच चांगले आहे. मात्र हे वर्ग ‘संशोधनाने सिद्ध’ असल्याचे सांगितले जाते तेव्हा त्या संशोधनात नेमके काय मोजले गेले, हे सहसा कोणी विचारत नाही. प्रसूतिपश्चात कक्षात परिचारिका म्हणून नोकरीची बरीच वर्षे घालवल्यामुळे याविषयी चार गोष्टी मांडाव्याशा वाटतात.

अशा अभ्यासांची सर्वांत सोपी, म्हणूनच सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे वर्गाआधी एक प्रश्नावली आणि वर्गानंतर तीच प्रश्नावली. गुण वाढतात, तक्ता तयार होतो आणि कार्यक्रम परिणामकारक ठरतो. तासाभरापूर्वी सांगितलेले मातांच्या लक्षात होते, यापलीकडे त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. बाळाला मध चाटवू नये हे कागदावर बरोबर लिहिणारी आई घरी गेल्यावर ते थांबवू शकली का, आणि बाळ दूध ओढेनासे झाले तेव्हा किती तासांत ते डॉक्टरांकडे पोहोचले, हे त्या तक्त्यात कुठेच नसते.

या क्षेत्रातील जागतिक पुरावाही वाटतो तितका भक्कम नाही. प्रसूतीनंतरच्या पालकशिक्षणावरील यादृच्छिक चाचण्यांचा (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या तुलनांचा) जो आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये अद्ययावत केला, त्यात झोपेविषयीच्या मार्गदर्शनाने बाळांची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढल्याचे आढळले, रडण्याच्या वेळेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही, आणि एकंदर लाभ अस्पष्टच असल्याचा निष्कर्ष काढावा लागला. रडणाऱ्या बाळाला वैतागून गदागदा हलवल्याने मेंदूला होणाऱ्या इजेबाबतचे अनुभव तर अधिकच बोलके आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात प्रसूतीनंतर दोन्ही पालकांना याची माहिती देऊन त्यांची सही घेण्याचा कार्यक्रम राबवला गेला आणि अशा इजांचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर पेनसिल्व्हेनियात राज्यभर काम झाले, तेव्हा पालकांची जाण वाढूनही रुग्णालयात दाखल होणाऱ्या बाळांचे प्रमाण काही घटले नाही. रडण्याविषयीचा आणखी एक सुप्रसिद्ध कार्यक्रम नॉर्थ कॅरोलायनात राबवल्यावर रडण्यासंबंधी परिचारिकांना येणारे दूरध्वनी कमी झाले, इजा कमी झाल्या नाहीत; आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात तोच कार्यक्रम सुरू झाल्यानंतर अशा इजेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या दोन वर्षांखालील मुलांचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अशा वेळी आपल्या सोयीचा एकच आकडा उचलून माहितीपत्रकावर छापणे कितपत प्रामाणिक आहे, याचा विचार संबंधितांनीच करावा.

महाराष्ट्राला उदाहरणासाठी इतके दूर जाण्याचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली, ४७ गावांशी तिची तुलना केली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. या यशात मातांना दिलेल्या आरोग्यशिक्षणाचा वाटा होताच, पण गावातलीच प्रशिक्षित कार्यकर्ती बाळाचे वजन करत होती, ते उबदार ठेवायला शिकवत होती आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. उलट मुंबईच्या झोपडवस्त्यांत महिलागटांच्या बैठकींवर आधारलेली जी मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नवजात मृत्युदरात त्या बैठकींमुळे घट झाल्याचे दिसले नाही. तशाच बैठकींनी झारखंड आणि ओडिशाच्या ग्रामीण भागात तीन वर्षांत हा दर ३२ टक्क्यांनी खाली आणला होता. तेव्हा एका ठिकाणी सिद्ध झालेला कार्यक्रम पुण्यात जसाच्या तसा लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. तो इथे नव्याने तपासावा लागतो.

आणि इथे तपासताना इथली घरे कशी चालतात हे संशोधकांनी आधी पाहायला हवे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. पुण्यातल्या रुग्णालयात नाव घातलेली मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात लातूरला किंवा साताऱ्याला जाते, किंवा तिकडची सून बाळंतपणासाठी इकडे येते आणि दोन-तीन महिन्यांनी परत जाते. संशोधनाच्या भाषेत अशा माता ‘पाठपुराव्यातून गळालेल्या’ ठरतात आणि उरलेल्यांवरून निष्कर्ष काढला जातो. ज्या उरतात त्यांचे राहते घर जवळ असते, फोन उचलला जातो आणि बहुधा शिक्षणही अधिक असते; म्हणजे ज्यांना या माहितीची गरज तुलनेने कमी, त्यांच्याच उत्तरांवर कार्यक्रमाचे यश ठरते.

दुसरी अडचण श्रोत्यांची आहे. वर्गात आई बसते आणि हल्ली, आनंदाची गोष्ट म्हणजे, वडीलही बसतात. पण बाळाला गुटी द्यायची का, धुरी किती वेळ द्यायची, नाळेवर तेल-हळद लावायची की ती कोरडी ठेवायची, काजळ घालायचे की नाही, हे निर्णय आजी आणि रोज अंघोळ घालायला येणाऱ्या मावशीच घेतात. ओली बाळंतीण त्यांच्याशी वाद घालण्याच्या अवस्थेत नसते आणि तशी अपेक्षा तिच्याकडून करणेही अन्यायाचे आहे. माझ्या कक्षात मी पाहिले ते असे, की आजीला खुर्ची देऊन, तिने वाढवलेल्या मुलांची चौकशी करून मग बोलले की ती बहुतेक गोष्टी ऐकून घेत असे. ‘फक्त आईने आत यावे’ म्हणून तिला दाराबाहेर ठेवले की ती सल्ल्याच्या विरोधातच जाई. अभ्यासांत एका गटात आजीला सहभागी करावे, दुसऱ्यात करू नये, आणि फरक मोजावा. या साध्या तुलनेतून जे कळेल ते आणखी दहा प्रश्नावल्यांतून कळणार नाही.

शिक्षण पालकांनाच हवे, या समजुतीबद्दलही थोडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होतात, तरी जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्केच आहे. तो पहिला तास बहुतेक बाळांचा रुग्णालयाच्या चार भिंतींत, आम्हा कर्मचाऱ्यांच्या देखत जातो, त्यामुळे तिथे आईचे अज्ञान पुढे करण्यात अर्थ नाही.

चांगला अभ्यास कसा असतो याचा नमुना आपल्याच देशात आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आजारी नवजात बाळांच्या कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन काळजीत सहभागी करून घेण्याची यादृच्छिक चाचणी झाली. तिचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गात फरक पडला नाही, म्हणजे घरच्यांना आत घेतल्याने संसर्ग वाढेल ही भीतीही खरी ठरली नाही, आणि घरी जाण्यापूर्वी निव्वळ स्तनपानावर असलेल्या बाळांचे प्रमाण तुलनेच्या गटात सुमारे ६७ टक्के, तर कुटुंबीय सहभागी असलेल्या गटात ८० टक्के होते. काय साधले आणि काय नाही, हे दोन्ही त्यात मांडलेले आहे.

पुण्यात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, परिचर्या महाविद्यालये आहेत आणि दरवर्षी त्यांतून या विषयावर प्रबंधही होतात. त्यांच्या मार्गदर्शकांना विनंती आहे, की अभ्यासाची नोंद आधीच भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीत करावी आणि मुख्य मोजमाप वर्गाच्या दिवशी न करता बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या वेळी करावे. त्या लसीसाठी बाळाला कुठे ना कुठे न्यावेच लागते, आणि ग्रामीण भागात आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या नियोजित गृहभेटींपैकी अखेरचीही ४२व्या दिवशीच असते. तुलनेच्या गटालाही नेहमीचा सल्ला पूर्ण मिळायला हवा. फरक पाहण्यासाठी कोणाला धोक्याची लक्षणे सांगायचीच नाहीत, असे चालणार नाही. नावनोंदणीच्या अर्जावर सासरच्या पत्त्याबरोबर माहेरचा पत्ता आणि आजीचा फोन क्रमांक लिहून घ्यावा. आपल्या वृत्तपत्रानेही अशा कार्यक्रमाच्या यशाची बातमी देताना किती माता सुरुवातीला होत्या आणि दीड महिन्यानंतर त्यांपैकी किती जणींची माहिती हाती होती, हे दोन आकडे आवर्जून छापावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, पुणे