चेंबरमध्ये माणूस नको, यंत्रमानव उतरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंत्रमानवांच्या प्रगतीवरील आपली पुरवणी आवडीने वाचली. बीजिंगमध्ये एप्रिल २०२५ मध्ये २ तास ४० मिनिटांत अर्धमॅरेथॉन धावलेला यंत्रमानव, गगनयानासाठी इस्रोने घडवलेली व्योममित्रा, शस्त्रक्रियेत सर्जनच्या इशाऱ्यावर चालणारे यांत्रिक हात, सगळेच थक्क करणारे आहे. एकाचा उल्लेख मात्र राहून गेला. मलनिःसारण विभागात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला तोच सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून हे पत्र. तो म्हणजे केरळच्या जेनरोबोटिक्स कंपनीचा, गटाराची चेंबर साफ करणारा ‘बँडिकूट’.

पाण्याचा जोरदार झोत मारणाऱ्या जेटिंगच्या आणि मैला ओढून घेणाऱ्या सक्शनच्या गाड्या असताना माणूस आत उतरतोच कशाला, असे लोक विचारतात. पातळ मैला पाइपने ओढला जातो. पण तळाशी वाळू, विटांचे तुकडे, चिंध्या आणि प्लास्टिक यांचा थर बसून घट्ट होतो. तो पाण्याच्या झोताने फुटत नाही आणि पाइपातही शिरत नाही. जुन्या वस्त्यांच्या बोळांत तर गाडी जातच नाही. मग चोकअप, म्हणजे तुंबलेला गाळ, काढायला कमरेला दोर बांधलेला माणूस उतरतो, हातात फावडे आणि बादली. झाकण काढून बराच वेळ हवा खेळू दिली तरी भरवसा नसतो, कारण गाळ ढवळला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू एकदम बाहेर येतो. हा वायू थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो; प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते. आत कोसळलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१५ मध्ये कोझिकोडला दोन कामगारांसोबत, त्यांना वाचवायला धावलेला एक रिक्षाचालकही असाच गेला.

या घटनेने अस्वस्थ झालेल्या तरुण अभियंत्यांनी बँडिकूट बनवला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. त्याचा एक भाग चेंबरच्या तोंडावर उभा राहतो. दुसरा खाली उतरतो, पाय फाकवून भिंतींना टेकतो आणि यांत्रिक हाताने गाळ उपसतो. आतला कॅमेरा आणि वायू मोजणारे सेन्सर सगळे वर कळवतात. चालवणारा रस्त्यावर पडद्यापुढे उभा असतो. म्हणजे ज्या घट्ट गाळापाशी सक्शनची गाडी हात टेकते, नेमके तिथे हे यंत्र कामी येते.

२०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टाकीत धोकादायक पद्धतीने माणूस उतरवण्यावर बंदी आहे. नियमांत अपवाद आहे तो यंत्राने काम शक्य नसेल तेव्हाचा, तोही लेखी परवानगी आणि संरक्षक साधनांसह. यंत्र उपलब्ध असताना या अपवादाला काय अर्थ उरतो? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, तर जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. एवढे होऊनही ठेकेदाराला रोजंदारीचा माणूसच स्वस्त पडतो. पालिकेने यंत्र घेतले तरी निविदेत ते वापरण्याची सक्ती नसेल, तर ते गॅरेजमध्ये धूळ खात पडणार. म्हणून अट निविदेतच हवी आणि यंत्राने केलेल्या कामाची नोंद दाखवल्याशिवाय बिल निघता कामा नये.

यंत्र चालवायला माणूस कोणता घ्यायचा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. जे आजवर आत उतरले, त्यांनाच प्रशिक्षण देऊन पडद्यापुढे उभे करा. कोणत्या चेंबरला कुठून पाणी येते, कुठे गाळ साचतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. यंत्र आले आणि त्यांची रोजी गेली, असे झाले तर तो दुसरा अन्याय होईल.

खासगी सोसायट्यांच्या सेप्टिक टाक्यांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. टाकी चेंबरपेक्षा मोठी आणि वेगळ्या रचनेची, त्यामुळे तिथे मुख्यतः सक्शनच लागते. सोसायटीच्या सचिवांनी टाकी साफ करणाऱ्याला गाडी आणल्याशिवाय झाकण उघडू देऊ नये.

आपल्या वार्ताहरांनी राज्यातल्या महापालिकांकडून एवढे मिळवून छापावे, ही कळकळीची विनंती: चेंबर साफ करणारी यंत्रे किती आहेत, गेल्या वर्षात ती किती दिवस चालली, आणि ती चालवणाऱ्यांत पूर्वीचे सफाई कामगार किती आहेत.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, ठाणे