अमेरिकी माणसाचा अविश्वास अकारण नाही

मा. संपादक,

अमेरिकेतला सामान्य माणूस सरकारवर विश्वास ठेवत नाही, याचं खापर हल्ली सरसकट समाजमाध्यमांवर आणि अफवांवर फोडलं जातं. माझी मुलगी मिशिगन राज्यात असते. तिच्याकडे चार महिने राहून आल्यापासून मला हे पटेनासं झालं आहे.

तिच्या ओळखीच्या एक आजी फ्लिंट शहरात राहतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी कॉफीसाठी नळ सोडला नाही. कोपऱ्यात रचलेल्या खोक्यांतून दोन बाटल्या काढून पातेल्यात ओतल्या. भाजी धुवायलाही तेच पाणी. गावातले शिशाचे जुने पाइप बदलले, पाण्याची तपासणी होते, हे त्यांना ठाऊक आहे. ‘तेव्हाही पाणी चांगलंच आहे म्हणत होते,’ एवढंच त्या म्हणाल्या.

एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायला शहराचं पाणी डेट्रॉइटच्या योजनेवरून फ्लिंट नदीवर वळवलं गेलं. कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. पाइप गंजू नयेत म्हणून मिसळायचं रसायन मिसळलंच नाही आणि पाइपांतलं विषारी शिसं पाण्यातून घराघरांत पोचलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जनरल मोटर्स या मोटार कंपनीने यंत्राचे भाग गंजतात म्हणून कारखान्याला हे पाणी घेणं थांबवलं. लोखंडाला न चालणारं पाणी मुलं आणखी वर्षभर पीत होती! जुलै २०१५ मध्ये महापौरांनी ते टीव्हीवर पिऊन दाखवलं. सप्टेंबरात बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचे आकडे मांडले, तेव्हा राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी त्यांनाच चूक ठरवलं. पुढे भरपाई मंजूर झाली, पण बड्या अधिकाऱ्यांवरचे फौजदारी खटले २०२३ पर्यंत बारगळले. त्यांच्यापैकी कुणीही तुरुंगात गेलं नाही.

मला खरी गोम इथे दिसते. १९६४ च्या पाहणीत १०० पैकी ७७ अमेरिकी लोकांना वॉशिंग्टनचं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील असं वाटत होतं. २०२४ मध्ये असे २२ उरले. मधल्या काळात व्हिएतनाम युद्धाबद्दलचा सरकारचा खोटेपणा उघडा पडला, वॉटरगेट झालं, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा खटाटोप. त्यापायी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला आणि महिन्याभरात त्यांच्या जागी आलेल्या फोर्ड यांनी त्यांना माफी देऊन टाकली. सरकारचं चुकलं, हे लोक एक वेळ पोटात घालतात. चुकीवर पांघरूण घालणारे सहीसलामत सुटतात, ते मात्र पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं.

या अविश्वासाचा भुर्दंडही गरिबालाच बसतो. त्या आजी पाणीपट्टी भरतात आणि वर बाटल्याही विकत घेतात.

अमेरिकेवर लिहिणाऱ्या आपल्या स्तंभलेखकांना माझी कळकळीची विनंती आहे. तिथल्या लोकांना भाबडे किंवा बहकलेले म्हणण्याआधी, सरकारने त्यांना काय काय सांगितलं होतं आणि त्याचा जाब कुणाला द्यावा लागला, हेही एकदा लिहावं.

– एक वाचक, कोथरूड, पुणे