लिम्फोमाच्या प्रत्येक रुग्णाची हिपॅटायटिस तपासणी सक्तीची करा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हिपॅटायटिस सी म्हटलं की सगळ्यांना यकृत आठवतं. पण हाच विषाणू रक्तातल्या बी पेशींनाही, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही, वर्षानुवर्षं छळतो आणि त्यातून लिम्फोमा, म्हणजे अशा पेशींचा कर्करोग, होऊ शकतो. माझ्या वडिलांच्या केमोच्या दोन सायकल झाल्यावर कुणीतरी त्यांची हिपॅटायटिसची तपासणी सांगितली, तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं.

हा विषाणू आपल्या जनुकांत शिरून बसत नाही. तो शरीरात ठाण मांडतो आणि त्याच्याशी लढताना बी पेशी सतत विभागत राहतात. हे वर्षानुवर्षं चाललं की एखादी पेशी बिघडते आणि बेलगाम वाढू लागते. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांत नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा (लिम्फोमाच्या मोठ्या गटाचा) धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. बहुतेकांना तो होत नाही, हेही आवर्जून सांगते, उगाच कुणी घाबरू नये.

२००२ साली फ्रेंच डॉक्टरांनी प्लीहेच्या एका संथ लिम्फोमाच्या नऊ हिपॅटायटिस सी रुग्णांना इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी औषध दिलं. सात जणांच्या रक्तातून विषाणू गेला आणि लिम्फोमाही ओसरला. पुढे एकाचा विषाणू परतला, त्याच्यासोबत आजारही. तोच लिम्फोमा असलेल्या, पण विषाणू नसलेल्या सहा जणांना मात्र या औषधाचा काहीच उपयोग झाला नाही. वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमाला केमो लागतेच. पण संथ प्रकारात आधी विषाणू घालवून पाहता येतो. आता तर इंटरफेरॉनचीही गरज उरली नाही. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरच्या गोळ्या बहुतेकांना बारा आठवड्यांत बरं करतात, आणि २०१८ पासून राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून त्या मोफत मिळतात.

हिपॅटायटिस बी तर याहून घाईचा विषय आहे. लिम्फोमावर सर्रास दिलं जाणारं रिटुक्सिमॅब हे औषध शरीरात दबून राहिलेला हा विषाणू पुन्हा जागा करू शकतं, आणि यकृत निकामी होऊन रुग्ण दगावू शकतो. आधी कळलं तर रोजच्या गोळीने हे टाळता येतं. विषाणूच्या आवरणाचा अंश शोधणारी नेहमीची एचबीएसएजी तपासणी निगेटिव्ह आली तरी धोका उरतो, म्हणून जुन्या संसर्गाची खूण असलेली कोअर अँटिबॉडीही तपासावी लागते.

माझी मागणी एका आदेशाची आहे. लिम्फोमाचं निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी उपचार सुरू होण्याआधी, विनाशुल्क व्हावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोला मंजुरी देताना हे अहवाल मागितले जावेत. सी पॉझिटिव्ह आला तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासून रुग्णाला त्याच आठवड्यात हिपॅटायटिस उपचार केंद्राशी जोडून द्यावं. वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या खात्याखाली येत नाहीत, याची कल्पना आहे. म्हणूनच हा आदेश वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांसोबत संयुक्तपणे काढावा. आणि हा विषाणू रक्तातून पसरतो, म्हणून वारंवार रक्त घ्यावं लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण, डायलिसिसचे रुग्ण यांची सीची तपासणी ठरावीक काळाने होते की नाही, याचा जिल्हावार आढावा आपण स्वतः मागवावा.

आपली नम्र,
लिम्फोमाच्या एका रुग्णाची मुलगी