मिनीव्हॅनचे हिसके: गिअरबॉक्स उघडण्याआधी टायर मोजा

महोदय,

चारही चाकांना ताकद जाणारी ऑटोमॅटिक मिनीव्हॅन कमी वेगात हिसके मारू लागली की ‘गिअरबॉक्स गेला’ असे सांगून बरेचजण मोकळे होतात. हे सर्वांत महागडे निदान आहे आणि कितीतरी वेळा ते चुकीचे निघते. वाहनविषयक लेखनातही टायर आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट यांचा उल्लेख अगदी शेवटी येतो किंवा येतच नाही. म्हणून हे पत्र.

हिसका बहुतेक वेळा इंजिनातून येतो, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनाची ताकद द्रवामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातून) येतो किंवा पुढची-मागची चाके जोडणाऱ्या यंत्रणेतून येतो. तिन्हींची लक्षणे वेगळी आहेत. त्यामुळे सगळ्यांत आधी विचारायचे ते हे: हिसका वळताना येतो की सरळ जाताना?

कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते, कोणीतरी ब्रेक धरून ठेवल्यासारखी वाटते, टायर कुरकुरतात आणि मग धक्का देऊन पुढे उडी घेते. पण ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर तिथेच ती मुकाट वळते. असे असेल तर इंजिनाकडे बघूही नका. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. हा फरक पुढची-मागची चाके जोडणाऱ्या मधल्या कपलिंगने सामावून घ्यायचा असतो. ते आखडले की शाफ्ट पिळला जातो आणि टायर घसरला की तो पीळ एकदम सुटतो. तोच हिसका. खडीवर टायर सहज घसरतात, म्हणून पीळ साठतच नाही. इंजिन मिसिंगचे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचे, बहुधा याच्या उलट असते. दमट हवेत इग्निशन कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाच्या) रबरी बुटातून किंवा प्लगच्या वायरमधून करंट गळतो आणि पावसात हिसके वाढतात.

कपलिंगला दोष देण्याआधी टायर मोजा. पंक्चरनंतर एकच नवा टायर टाकला, बाकी तीन निम्मे झिजलेले, अशी सुरुवात अनेक तक्रारींच्या मुळाशी असते. नक्षीच्या खोलीत ३ मिमी फरक असेल तर परिघात सुमारे १९ मिमी फरक पडतो. परीघ साधारण २.१ मीटर धरला तर ते चाक दर किलोमीटरला चारेक फेरे कमी-जास्त फिरते. एकाच चाकाचा फरक असेल तर डिफरेन्शियलमुळे (डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचामुळे) शाफ्टपर्यंत त्याचा निम्मा भाग पोचतो, पण तो सरळ रस्त्यावरही सतत पोचत राहतो आणि कपलिंगला क्षणाचीही उसंत मिळत नाही. उत्पादकांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. नक्षीत दीड मिमी किंवा परिघात ६ मिमी या फरकापुढे गेलात तर सावध व्हा, आणि आपल्या गाडीचे मॅन्युअल याहून कडक असेल तर तेच पाळा.

टायरभोवती टेप गुंडाळून घेतलेले माप पुरेसे नाही, कारण गाडीच्या वजनाखाली टायर दबतो. टायर थंड असताना चारही चाकांत ठरलेल्या दाबाइतकी हवा भरा. सपाट जागेवर प्रत्येक टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा. गाडी सरळ रेषेत हळू ढकला आणि प्रत्येक चाकाचे पाच फेरे झाले की जमिनीवर पुन्हा खूण करा. परिघातला ६ मिमीचा फरक पाच फेऱ्यांत ३० मिमी होतो, तो नुसत्या डोळ्यांनाही दिसतो.

टायर सारखे निघाले तर मोकळ्या, कोरड्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून, रेस न देता इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन-तीन फेरे घ्या. आधी गाडी थंड असताना, मग वीसेक मिनिटे चालवून गरम झाल्यावर. गरम झाल्यावरच अडखळत असेल तर जुन्या पद्धतीच्या व्हिस्कस कपलिंगवर संशय पक्का होतो. त्यात सिलिकॉन द्रवात एकाआड एक चकत्या असतात. तापलेला द्रव फुगतो, दाब वाढतो आणि चकत्या एकमेकींना धरतात. घसरड्या रस्त्यावर क्षणभर हे व्हावे अशीच रचना आहे. द्रव जुना झाला की ते नको तेव्हाही होते. ही कपलिंग सीलबंद असते, त्यामुळे ती दुरुस्त करत नाहीत, बदलतात. क्रायस्लरच्या १९९०च्या दशकातल्या मिनीव्हॅनमध्ये ती मागच्या डिफरेन्शियलपाशी सापडते.

२०११ ते २०२० दरम्यानच्या टोयोटा सिएनासारख्या गाड्यांत कपलिंग इलेक्ट्रॉनिक आहे. चाकांच्या वेगात फरक दिसला की संगणक मागची चाके जोडतो, म्हणून टायर विजोड असले तर तो फसतो. इथे तपासणी सोपी आहे: कपलिंगचा कनेक्टर काढून थोडे अंतर चालवा. डॅशबोर्डवर दिवा लागेल, तो लागू द्या. हिसका गेला तर दोष त्या बाजूला आहे.

शाफ्ट काढून बघण्याचा उपायही सुचवला जातो, पण तो सरसकट करू नका. पुढची चाके थेट चालणाऱ्या आणि कपलिंगमार्फत फक्त मागे ताकद नेणाऱ्या गाडीत तो थोड्या अंतरासाठी चालतो. मध्ये सेंटर डिफरेन्शियल (पुढे-मागे ताकद वाटणारे डिफरेन्शियल) असलेल्या गाडीत मात्र एकतर गाडी हलणार नाही किंवा कपलिंग तापून जाईल. काढण्यापूर्वी शाफ्ट आणि तो जिथे बोल्टने बसतो ती फ्लँज दोन्हींवर रंगाची खूण करा, तसाच बसवला नाही तर नवी थरथर सुरू होईल. हाताशी असतानाच क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि सेंटर बेअरिंगचे रबरही बघून घ्या.

हिसका सरळ जाताना, साधारण ४५ ते ७० किमी वेगात, रेस हलकी आणि स्थिर असताना येत असेल आणि रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखा वाटत असेल, तर मागे वाहन नाही याची खात्री करून डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसते टेकवा. पॅड धरू नयेत, फक्त ब्रेकचा दिवा लागावा. त्या संकेताने कन्व्हर्टरचे लॉक (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून ठेवणारा क्लच) सुटते, आरपीएम दोनशे-तीनशेने वाढतो आणि दोष कन्व्हर्टरचा असेल तर थरथर त्या क्षणी थांबते.

इथेच घाई होते. लॉक सुटले की इंजिनावरचा भारही कमी होतो, त्यामुळे किरकोळ मिसिंगही त्याच क्षणी लपते. म्हणून स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची मिसफायरची (मिसिंगची) मोजणी बघितल्याशिवाय कन्व्हर्टरला दोषी ठरवू नका. पी०३०० ते पी०३०६ हे कोड मिसफायरचे आणि पी०७४१ लॉकअपचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या लॉकचा. पण चेक इंजिनचा दिवा लागण्याआधी कितीतरी दिवस हिसके जाणवू शकतात. आडव्या बसवलेल्या व्ही-सहा इंजिनात मागचे तीन प्लग केबिनच्या भिंतीकडे दडलेले असतात आणि अनेक गाड्यांत तिथे पोचण्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) काढावा लागतो. ‘प्लग बदलले’ म्हणजे पुष्कळदा पुढचेच तीन बदललेले असतात. जुने सहा प्लग मोजून मागा. संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावा. मिसफायर तिच्याबरोबर गेला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिमही बघा, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतो वा कमी करतो तो आकडा. इंजिन नुसते चालू असताना अधिक दहा टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठेतरी बाहेरची हवा आत ओढली जाते आहे. भार वाढेल तसे ट्रिम चढत असेल तर मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आणि इंधनाचा दाब तपासा. उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) कमी वेगात छळतो आणि जास्त वेगात गप्प बसतो.

गाडी थांबता थांबता, पंधराएक किमीच्या खाली ब्रेक पेडल थडथडत असेल तर तो हिसका एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) असू शकतो. चाकाच्या सेन्सरखाली गंज धरला किंवा दातेरी रिंग तडकली की असे होते.

दोष लॉकअपचाच ठरला तरी आधी गिअरबॉक्सचे ऑइल बदला, तेही गाडीसाठी नेमून दिलेलेच. पॅनमधून सोडल्यावर एकूण ऑइलच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच बाहेर येते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. त्यामुळे एका बदलाने हिसका नुसता कमी झाला तर काही दिवस गाडी चालवून पुन्हा एक-दोनदा ऑइल बदला. एवढे करूनही थरथर तशीच राहिली तरच कन्व्हर्टर उतरवण्याचा विचार करा. याच वेळी ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्समधून शाफ्टकडे ताकद वळवणारा डबा) आणि मागच्या डिफरेन्शियलचे ऑइलही बदला. त्यांत ते थोडेच असते, म्हणून लवकर खराब होते. भरण्याचा बोल्ट आधी सोडा, मगच खालचा. भरण्याचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर रिकामी केस घेऊन अडकाल.

आपला,
एक वाहन तंत्रज्ञ